बंद कॉलेजांतली कामाची माणसं : महामारी, आरोग्य आणि सात गैरसमज

मार्च २०२० मध्ये विद्यापीठं आणि महाविद्यालयं बंद झाली, तेव्हा सगळ्यांना काळजी लागली ती विद्यार्थ्यांची. ती लागायलाच हवी होती. पण त्याच आवारात शिकवणारे, परीक्षा विभागात गठ्ठे मोजणारे, प्रयोगशाळा सांभाळणारे, वसतिगृहाच्या गेटवर उभे राहणारे आणि झाडलोट करणारे लोकही होते. त्यांच्या प्रकृतीविषयी तेव्हा फारसं कुणी बोललं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, तरी त्या काळात रुजलेल्या काही समजुती अजून स्टाफरूममध्ये आणि बाहेरही ऐकू येतात. त्या तशाच राहिल्या, तर पुढच्या साथीत त्याच माणसांना पुन्हा तोच त्रास होईल.

गैरसमज १ : कॉलेजं बंद होती, स्टाफने घरबसल्या पगार घेतला.

वस्तुस्थिती : वर्ग बंद होते, काम बंद नव्हतं. अंतिम वर्षाच्या परीक्षांचंच पाहा. महाराष्ट्र सरकारला त्या घ्यायच्या नव्हत्या, ६ जुलै २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या अनिवार्य केल्या आणि २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना ऑनलाइन परीक्षा उभी करावी लागली. प्रश्नसंच, सराव चाचण्या, लॉगिन न होणाऱ्या मुलांचे फोन, पुन्हा परीक्षेची सोय हे सगळं याच लोकांनी केलं. मुंबईत तर लोकल तेव्हा सर्वांसाठी खुली नव्हती, तरी परीक्षा विभाग चालवावाच लागला.

घरून काम म्हणजे विश्रांती, हेही खरं नाही. सकाळी ऑनलाइन तास, दुपारी अहवाल, रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर शंका, अशा दिवसाला शेवटच नसतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांची तुलना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी केली होती. जास्त तास राबणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला.

आणि पगार तरी सगळ्यांना कुठे होता? तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला झालेल्या तासांचेच पैसे मिळतात. तास नाही, तर मानधन नाही. ठेकेदारामार्फत आलेल्या सुरक्षारक्षकांची आणि सफाई कामगारांची गतही वेगळी नव्हती. घरभाड्याची चिंता रात्रीची झोप उडवते, तेव्हा तोही आरोग्याचाच प्रश्न असतो.

गैरसमज २ : उत्तरपत्रिका, फायली आणि पुस्तकांतून रोग पसरतो, सॅनिटायझर फवारला की झालं.

वस्तुस्थिती : सुरुवातीला ही भीती स्वाभाविक होती. मार्च २०२० मधल्या प्रयोगशाळेतल्या एका अभ्यासात हा विषाणू पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि प्लॅस्टिकवर ७२ तासांपर्यंत तग धरताना दिसला होता. म्हणून ग्रंथालयांनी परत आलेली पुस्तकं वेगळी ठेवली, परीक्षकांनी हातमोजे घालून गठ्ठे सोडले. पण प्रयोगशाळेत विषाणू टिकणं आणि कागदाला हात लावून माणूस आजारी पडणं, या दोन गोष्टींत बरंच अंतर आहे. दूषित पृष्ठभागाला एकदा स्पर्श झाल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे, असा अंदाज अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये दिला.

खरा धोका हवेत होता. जुलै २०२० मध्येच २३९ शास्त्रज्ञांनी हवेतून होणाऱ्या संसर्गाकडे लक्ष द्या, असं जाहीर आवाहन केलं होतं. मे २०२१ मध्ये भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानेही सांगितलं की, सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि खेळती हवा हाच मोठा बचाव आहे.

आता उत्तरपत्रिका एकत्र तपासल्या जातात असं एखादं कॅप सेंटर डोळ्यांपुढे आणा. लांब टेबलं, समोरासमोर बसलेले परीक्षक, एसी चालू म्हणून खिडक्या बंद, मॉडरेटर टेबलाटेबलाशी जाऊन वाकून बोलणारा, मधूनच चहा आला की सगळ्यांचे मास्क हनुवटीवर. दारात सॅनिटायझरची बाटली मात्र न चुकता ठेवलेली. बंद खोलीत उदबत्ती लावली की तिचा वास कोपऱ्या-कोपऱ्यात पोहोचतो, तसंच बाधित माणसाच्या श्वासातल्या कणांचं होतं. मध्ये सहा फूट सोडून ते थांबत नाहीत. समोरासमोरच्या खिडक्या उघडणं, एक्झॉस्ट फॅन लावणं, दोन पाळ्यांत माणसं बसवणं आणि नीट बसणारा एन-९५ मास्क यांनी जे साधतं, ते फवारणीने साधत नाही. माणसांवर जंतुनाशक फवारू नका, हे तर जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच बजावलं होतं.

गैरसमज ३ : गेटवर ताप मोजला, म्हणजे आवार सुरक्षित.

वस्तुस्थिती : कोविडमध्ये लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला संसर्ग देऊ शकतो. काहींना तर लक्षणं येतच नाहीत. अशांना थर्मल गन पकडू शकत नाही. उलट प्रत्येकाच्या कपाळाजवळ ती धरणारा सुरक्षारक्षकच दिवसभर सर्वांच्या संपर्कात येतो.

ताप असलेला माणूस कामावर येतो कशासाठी, हा खरा प्रश्न आहे. खाडा झाला की रोजंदारी बुडते, म्हणून तो गोळी घेऊन येतो. त्याला पगारी आजारपणाची रजा मिळाली आणि पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या दाखल्याचा हट्ट धरला नाही, तर तो घरी थांबेल आणि त्याच्या खोलीतले बाकीचे वाचतील.

गैरसमज ४ : प्राध्यापक शिकलेले, जपून राहणारे, त्यांना धोका कमी.

वस्तुस्थिती : एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अलीगढ मुस्लिम विद्यापीठात काही आठवड्यांत डझनाहून अधिक कार्यरत प्राध्यापक दगावले. तेव्हाचे कुलगुरू तारिक मन्सूर यांनी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला पत्र लिहून तिथल्या नमुन्यांची जनुकीय तपासणी करण्याची विनंती केली. वय, मधुमेह, रक्तदाब आणि बंद जागेतला सहवास यांवर धोका ठरतो, पदवीवर नाही. शिवाय लसीकरणात उच्च शिक्षणातल्या कर्मचाऱ्यांना सरसकट अग्रक्रम नव्हता. ४५ वर्षांवरच्या सर्वांना १ एप्रिल २०२१ पासून आणि १८ वर्षांवरच्यांना १ मेपासून लस खुली झाली. तोवर दुसरी लाट शिगेला पोहोचली होती.

गैरसमज ५ : रिपोर्ट निगेटिव्ह आला, आता रुजू व्हायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडोत्तर आजाराची व्याख्या केली. आजार झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसरं कोणतंही कारण नसलेली लक्षणं त्यात येतात. कमालीचा थकवा, धाप लागणं आणि विचार किंवा स्मरण मंदावणं ही त्यांतली प्रमुख लक्षणं आहेत.

कॉलेजमध्ये याचा अर्थ काय होतो? शिकवताना ओळखीचा शब्द ओठांवर येत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोहोचेपर्यंत श्वास पुरत नाही. हिशेब विभागातल्या क्लार्कची बेरीज पुन्हा पुन्हा चुकते. हा कामचुकारपणा नव्हे. अशा वेळी जिद्दीने रेटल्यास काहींचा त्रास वाढतो. काही आठवडे कमी तास, दोन तासांमध्ये उसंत, तळमजल्यावरचा वर्ग आणि एक माइक, एवढ्या सोयी प्राचार्यांच्या हातात असतात.

गैरसमज ६ : स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने डोळे बिघडतात, खास चष्मा घेतला की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : मोबाइल-लॅपटॉपच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते, याला पुरावा नाही. डोळे चुरचुरतात, कारण स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात आणि नजर एकाच अंतरावर खिळून राहते. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघणं हा साधा उपाय आहे. ऑनलाइन बैठकांचा शीण मात्र खराच असतो. सतत स्वतःचा चेहरा समोर दिसणं, जवळून रोखलेल्या नजरा आणि एका जागी जखडून बसणं ही त्याची कारणं स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडली. जे काम ईमेलने होतं, त्यासाठी बैठक न बोलावणं हाच यावरचा उत्तम इलाज.

गैरसमज ७ : ताण सगळ्यांनाच असतो; शिक्षकाने खचून कसं चालेल?

वस्तुस्थिती : महामारीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं. घर, मुलांची ऑनलाइन शाळा आणि स्वतःचे तास एकाच वेळी सांभाळणाऱ्या प्राध्यापिकांना हे आकड्यांवाचूनही ठाऊक आहे. वर्गाच्या ग्रुपवर कुणाचे वडील गेल्याचा निरोप आलेला असायचा आणि दहा मिनिटांनी तास सुरू करायचा असायचा. असं दुःख मनात साठून राहतं.

सकारात्मक विचारांच्या वेबिनारने कामाचा बोजा हलका होत नाही. झोप, भूक आणि कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेलं असेल, तर मदत घ्यावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार मिळण्याचा आणि ते गोपनीय राहण्याचा हक्क दिला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही.

मग आता काय करायचं?

या सातही समजुतींत एकच सूर आहे : आरोग्य ज्याचं त्याने सांभाळावं. प्रत्यक्षात कर्मचाऱ्यांचं आरोग्य ठरलं ते उघडणाऱ्या खिडकीवर, मिळणाऱ्या रजेवर, कामाच्या तासांवर आणि महिन्याच्या पैशांवर. या गोष्टी संस्थेच्या हातातल्या आहेत आणि साथ नसतानाच त्यांची घडी बसवावी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यावर शिक्षकांचे आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर त्यांनी चार मुद्दे घालावेत : प्रत्येक खोलीतली हवा, आजारपणाची पगारी रजा, तासिकेवरच्यांना किमान मानधनाची हमी आणि बरं होऊन परतणाऱ्यांसाठी कामात सवलत. ठेक्यावरच्या माणसांची नावंही त्या ठरावात असावीत. समितीवर त्यांचा प्रतिनिधी नसतो, म्हणून त्यांची बाजू मांडण्याची जबाबदारी निवडून आलेल्यांवर दुप्पट आहे.