उपचार करणारे हात थकतात तेव्हा

अष्टमीत राहणाऱ्याला रोहे हे परके गाव वाटत नाही. मध्ये कुंडलिका वाहते, तिच्यावर पूल आहे आणि दोन्ही गावांची नगरपरिषदही एकच आहे. या लहानशा टापूत भौतिकोपचारासाठी, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या फिजिओथेरपीसाठी, येणारी माणसे मात्र तऱ्हेतऱ्हेची असतात. भातलावणीत कंबर धरलेल्या बायका येतात, धाटावच्या कारखान्यांत पाळ्या करणारे कामगार येतात, गणपतीच्या आधी पेण-हमरापूरकडे मूर्ती रंगवता रंगवता मान आखडलेले कारागीर येतात. अर्धांगवायूचा झटका आलेल्या वडिलांना हाताला धरून आणणारा मुलगाही येतो.

आज मात्र मला या रुग्णांविषयी नव्हे, तर त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांविषयी बोलायचे आहे. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

काही वर्षांपूर्वी जवळच्या खेड्यातल्या एक मावशी आखडलेल्या खांद्यासाठी माझ्याकडे येत असत. मी त्यांना आढ्याला दोरी बांधून हात वर नेण्याचा व्यायाम दिला होता. एका संध्याकाळी त्या आल्या तेव्हा माझे चौदा-पंधरा रुग्ण होऊन गेले होते. त्या दारात दिसताच मी म्हणाले, "मावशी, या वेळीही व्यायाम केला नसेलच." त्या शांतपणे म्हणाल्या, "केला की बाई. वीस वेळा सांगितलंत ना? मधेच कोणी हाक मारली की मोजायचं इसरते, म्हणून वालाचे वीस दाणे घेऊन बसते. हात एकदा वर गेला की एक दाणा दुसऱ्या वाटीत." मग त्यांनी हात उचलून दाखवला. तो गेल्या खेपेपेक्षा चांगला चार बोटे वर जात होता. मी माझी वही पाहिली. मागच्या दोन्ही वेळा मी मोजमाप न घेताच 'पूर्वीप्रमाणे' असे लिहून टाकले होते.

त्या दिवशी मी दमले होते हे खरे. पण नुसती दमणूक रात्रीच्या झोपेने जाते. रुग्ण समोर उभा असूनही दिसेनासा झाला, तर ती गोष्ट वेगळी. तिला 'बर्नआउट' म्हणतात. आपल्याकडे 'पाट्या टाकणे' म्हणतात ते त्याचे बाहेरून दिसणारे रूप. फरक एवढाच, की पाट्या टाकणाऱ्याला आपण आळशी समजतो. आणि बर्नआउट झालेला माणूस बहुधा एके काळी जीव ओतून काम करणाराच असतो.

हा शब्द वैद्यकीय लेखनात आणला तो हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ साली. न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात उत्साहाने राबणारी माणसे काही काळाने चिडचिडी आणि कोरडी होतात, हे त्यांनी पाहिले होते. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी सहकाऱ्यांसह याची मोजपट्टी तयार केली. ती १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात. पहिली, मन रिते होणे. दुसरी, समोरच्याला माणूस न मानता 'केस' मानणे: 'दहा वाजताचा गुडघा', 'कोपऱ्यातली कंबर'. तिसरी, आपल्या हातून काहीच भले होत नाही असे वाटू लागणे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउट हा आजार नसून, कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न आवरल्यामुळे होणारी अवस्था आहे, असे नमूद केले. म्हणजे दोष केवळ माणसाच्या मनात शोधून भागत नाही. कामाची मांडणीही पाहावी लागते.

भौतिकोपचाराच्या कामात तो ताण कुठून येतो? एक तर येथे गुण सावकाश येतो. दुसरे, तो निम्मा रुग्णाच्या हातात असतो. दुखणे थोडे कमी झाले की पुष्कळजण व्यायाम सोडतात आणि महिन्याने पुन्हा तिथूनच सुरुवात होते. तिसरे, हे अंगमेहनतीचे काम आहे. दुसऱ्याची कंबर सरळ करता करता उपचार करणाऱ्याची कंबर आणि अंगठे दुखू लागतात. आणि चौथे, मान. १९५३ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे शिक्षण सुरू झाले; महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने या व्यवसायासाठी स्वतंत्र परिषदेची तरतूद झाली; २०२१ मध्ये केंद्राचा कायदा आला. तरीही 'मालिश करून देता का?' हा प्रश्न आजही ऐकावा लागतो. लहान गावात तर बाजारात भाजी घेतानाही कोणी तरी गुडघा पुढे करतोच!

याची किंमत शेवटी रुग्ण मोजतो. अर्धांगवायूनंतरचे पहिले काही महिने फार मोलाचे असतात. सुधारणा तेव्हाच सर्वांत वेगाने होते. त्याच काळात उपचार करणाऱ्याने यंत्राच्या पट्ट्या लावून पाठ फिरवली, तर गेलेला वेळ परत आणता येत नाही. दिवसाची मजुरी बुडवून, एस. टी.चे भाडे खर्चून आलेल्या माणसावर तर हा दुहेरी अन्याय आहे.

मग करायचे काय? रुग्णालय चालवणाऱ्यांनी एका माणसाने दिवसात किती रुग्ण पाहायचे याला मर्यादा घालावी आणि हक्काची रजा द्यावी. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा तरी समव्यावसायिकाशी अवघड रुग्णांबद्दल बोलावे. प्रत्येक खेपेला मोजमाप घ्यावे. ते रुग्णासाठी तर आहेच, पण आपल्या श्रमाचे फळ डोळ्यांना दिसण्यासाठीही आहे. आणि चिडचिड, झोप न लागणे, कामावर जाण्याची धास्ती महिनोन्‌महिने राहिली, तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये.

रुग्णांनाही एक विनंती आहे. सांगितलेला व्यायाम करा. जमला नाही तर तसे मोकळेपणाने सांगा. आणि बरे वाटले तर तेही सांगा. आम्हाला ते क्वचितच ऐकायला मिळते, कारण बरा झालेला माणूस दवाखान्यात येत नाही.

मी त्या मावशींची माफी मागितली. त्या हसल्या आणि पुढच्या खेपेला वालाची पुरचुंडी घेऊन आल्या. त्यातले वीस दाणे मी टेबलावरच्या वाटीत ठेवले आहेत. नवा रुग्ण आत आला की आधी वाटीकडे पाहते, आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे.