राखीव जागा, गुणवत्ता आणि मराठवाड्याचा अनुशेष

नीटचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की लातूर आणि नांदेडच्या ट्यूशन एरियात एकाच विषयावर बोलणे चालते: कटऑफ. दोन-दोन वर्षे जीव ओतून अभ्यास केलेल्या मुलीचा प्रवेश चार गुणांनी हुकतो आणि तिच्यापेक्षा कमी गुणांच्या वर्गमैत्रिणीला शासकीय महाविद्यालय मिळते, तेव्हा तिला वाटणारे दुःख खरे असते. त्याची हेटाळणी कुणी करू नये. पण दुःख खरे असले म्हणून त्याचे सांगितले जाणारे कारणही खरेच असते, असे नाही. 2006 मध्ये दिल्लीत ‘यूथ फॉर इक्वॅलिटी’ने आणि 2019 मध्ये महाराष्ट्रात ‘सेव्ह मेरिट, सेव्ह नेशन’ने आरक्षणाविरोधात उठवलेल्या घोषणा आजही विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर फिरतात. त्यांतले काही आक्षेप रास्त आहेत, पण बरेचसे अर्धवट माहितीवर उभे आहेत. मराठवाड्याने स्वतःसाठी अनुशेषाचा न्याय मागितला आहे, म्हणून राखीव जागांचे तत्त्व त्याला परके असू शकत नाही, असे माझे मत आहे.

गैरसमज 1: ‘आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी होते’

राज्यघटनेत दहा वर्षांची मुदत आहे ती कलम 334 मध्ये, आणि ती लोकसभा व विधानसभांतील राखीव मतदारसंघांपुरती आहे. तीच दर दहा वर्षांनी वाढवली जाते. सध्या ती 2030 पर्यंत आहे. शिक्षणातील आरक्षणाचा आधार आहे कलम 15(4). चंपकम दोराईराजन खटल्याच्या निकालानंतर 1951 मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीने ते आले आणि त्याला कोणतीही मुदत नाही. 1990 चे मंडल आंदोलनही असेच चुकीचे आठवले जाते. विश्वनाथ प्रताप सिंह सरकारचा ओबीसी आरक्षणाचा तो निर्णय केंद्रीय नोकऱ्यांपुरता होता, महाविद्यालयीन प्रवेशाशी त्याचा संबंध नव्हता. राखीव जागांची कल्पना तर घटनेहूनही जुनी आहे. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी 50 टक्के नोकऱ्या राखून ठेवल्या. ज्या महाविद्यालयातून ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्रभर गाजला, ते त्याच राजर्षी शाहूंचे नाव लावते. गुणवत्ता आणि राखीव जागा या एकमेकींच्या वैरिणी आहेत असे मानणाऱ्या प्रत्येक लातूरकराने ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

गैरसमज 2: ‘खुल्या जागा खुल्या जातींच्या, बाकी सगळ्या गेल्या’

खुला प्रवर्ग कोणत्याही जातीच्या नावे राखून ठेवलेला नाही. खुल्या यादीत बसण्याइतके गुण मिळवणारा अनुसूचित जातीचा किंवा ओबीसी विद्यार्थी खुल्यातच मोजला जातो. ऑगस्ट 2024 मध्ये मध्य प्रदेशातील एमबीबीएस प्रवेशांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा स्पष्ट केले. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयांच्या राज्य कोट्यात अनुसूचित जातींना 13, अनुसूचित जमातींना 7, विमुक्त व भटक्या जमातींना मिळून 11 आणि इतर मागासवर्गाला 19 टक्के जागा आहेत. ही बेरीज 50 होते. तिच्यावर आर्थिक दुर्बल घटकांचे 10 टक्के आणि 2024 च्या कायद्याने मराठा समाजाला दिलेले 10 टक्के येतात. ‘मग खुल्याला 30 टक्केच उरले की’ असा प्रश्न यावर येतो. प्रश्न स्वाभाविक आहे. पण शेवटचे 20 टक्के ज्यांना मिळाले ते काल खुल्या रांगेतच उभे होते. ब्राह्मण, मारवाडी, लिंगायत किंवा मुस्लिम कुटुंबांतील ज्यांना दुसरे आरक्षण नाही अशा गरीब मुलांसाठीही आज आर्थिक निकषाचा कोटा आहे. शिवाय महिला, दिव्यांग, सैनिकांची मुले, डोंगरी भाग, सीमाभाग यांच्यासाठीही जागा राखीव असतात. त्यांच्याविरुद्ध गुणवत्तेच्या नावाने मोर्चा निघालेला दिसत नाही.

गैरसमज 3: ‘आरक्षणामुळे कमी लायकीचे डॉक्टर तयार होतात’

नीट सर्वांसाठी एकच असते. आरक्षणाने फक्त प्रवेशाचे दार उघडते. आत गेल्यावर आरोग्य विद्यापीठाची परीक्षा, उत्तीर्ण होण्याचे गुण आणि इंटर्नशिप सर्वांना सारखीच असते, पदवीही एकच मिळते. ओबीसी आणि खुल्या प्रवर्गाच्या शेवटच्या गुणांमधले अंतर तर आता फार थोडे राहिले आहे. राखीव जागांमुळे कामाचा दर्जा घसरतो का, हा प्रश्न अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या अर्थतज्ज्ञांनी भारतीय रेल्वेच्या 1980 ते 2002 या काळातील आकडेवारीवर तपासला. उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. तमिळनाडूत अनेक दशकांपासून 69 टक्के आरक्षण आहे आणि माता व बालमृत्यूंच्या बाबतीत ते राज्य देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी चांगले आहे. आरक्षणामुळे तिथले आरोग्य सुधारले असा दावा मी करणार नाही. पण आरक्षणाने आरोग्यव्यवस्था कोसळते या दाव्याला मात्र ते उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

गैरसमज 4: ‘गुणवत्तेला धक्का फक्त जातीच्या कोट्याने बसतो’

2024 मध्ये नीटला सुमारे 23 लाख विद्यार्थी बसले आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. त्यातल्याही परवडणाऱ्या शासकीय जागा साधारण निम्म्याच. अभिमत विद्यापीठांत जातीनिहाय आरक्षण नाही, पण अनेक ठिकाणी वर्षाची फी 20 लाखांच्या घरात किंवा त्याहून वर जाते. तिथे पात्रता-गुणांची रेषा जेमतेम ओलांडलेला विद्यार्थी पैशाच्या बळावर बसतो, आणि त्याच्यापेक्षा शंभर-दीडशे गुण जास्त मिळवलेली शेतकऱ्याची मुलगी बाहेर राहते. सप्टेंबर 2023 मध्ये नीट-पीजीची पात्रता सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, कारण पदव्युत्तर जागा रिकाम्या राहत होत्या. 2024 मध्ये नीटमधील गैरप्रकारांचा तपास लातूरपर्यंत येऊन पोहोचला. गुणवत्तेचा प्रश्न मनापासून छळत असेल, तर पैशाने मिळणारी जागा आणि पैशाने फुटणारा पेपर हे आंदोलनाचे पहिले विषय व्हायला हवेत. जातीच्या कोट्यावर जेवढा राग निघतो त्याच्या निम्मा तरी फीवर निघावा.

गैरसमज 5: ‘मराठवाड्याच्या मुलांचे नुकसान जातीच्या आरक्षणाने केले’

इथल्या विद्यार्थी-पालकांनी एका कोट्याविरुद्ध खरोखर लढा दिला आणि तो जिंकलाही. मात्र तो कोटा जातीचा नव्हता. वैद्यकीय प्रवेशासाठी राज्याचे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे विभाग करून 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना आणि 30 टक्के राज्यभरासाठी ठेवल्या जात. मराठवाड्यात तेव्हा औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर अशी चारच शासकीय महाविद्यालये होती. त्यामुळे इथला कटऑफ वर राहायचा आणि जास्त गुण असूनही इथली मुले मागे पडायची. सप्टेंबर 2020 मध्ये तत्कालीन वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी ही पद्धत रद्द झाल्याची घोषणा विधानसभेत केली. ती पद्धत वाईट ठरली, कारण जागांची वाटणी मुळातच असमान होती. म्हणजे विषमता न मोजता केलेली वाटणी अन्याय करते, हे मराठवाड्याने स्वतः अनुभवले आहे.

हाच धागा मागे नेला तर 1974 चे विद्यार्थ्यांचे मराठवाडा विकास आंदोलन, 1984 चा दांडेकर समितीचा अनुशेष-अहवाल, राज्यघटनेचे कलम 371(2) आणि त्याखालची 1994 ची विकास मंडळे दिसतात. निजामाच्या राजवटीत आम्ही मागे ठेवले गेलो, म्हणून आम्हाला बरोबरीपेक्षा थोडे अधिक द्या, अशी ती मागणी होती आणि ती न्याय्य होती. मग पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दाराबाहेर ठेवलेल्या समाजांनी तेच म्हटले तर ते भीक कसे ठरते? या प्रश्नाला बगल दिल्याची किंमत नांदेड जिल्ह्याने मोजली आहे. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव झाल्यावर दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. शिष्यवृत्ती आणि सवलती घेऊन शिकणाऱ्या दलित मुलांबद्दल साठलेली चीडही त्या हिंसेमागे होती.

रास्त आक्षेप

विरोधकांचे सगळेच म्हणणे खोटे नाही. 2019 मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची प्रक्रिया आधीच सुरू झालेली असताना नव्या कायद्याने मराठा समाजाला दिलेले 16 टक्क्यांचे आरक्षण लावले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते त्या वर्षापुरते अमान्य केले, सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला, तरी सरकारने वटहुकूम काढला. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलू नका, हा विद्यार्थ्यांचा आग्रह योग्यच होता. 5 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 50 टक्क्यांच्या मर्यादेवर बोट ठेवून तो कायदाच रद्द केला. आरक्षणाचा लाभ काही थोड्या घरांतच फिरतो, हा आक्षेपही गंभीर आहे. पण त्यावर उपाय उपलब्ध आहेत: ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना क्रिमी लेअर लागू आहे, आणि 1 ऑगस्ट 2024 च्या निकालाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाची वाट राज्यांना मोकळी झाली आहे. या सुधारणा मागणे वेगळे आणि आरक्षणच नको म्हणणे वेगळे.

केंद्रीय संस्थांत ओबीसींचे 27 टक्के आरक्षण लागू करताना खुल्या जागांची संख्या घटू नये म्हणून एकूण जागा 54 टक्क्यांनी वाढवण्याचा मार्ग स्वीकारला गेला होता. तोच मार्ग आजही खुला आहे. लातूर-नांदेडच्या विद्यार्थी संघटनांनी जात विसरून एकत्र यावे आणि तीन मागण्या लावून धराव्यात: शासकीय जागा वाढवा, खासगी आणि अभिमत संस्थांच्या फीला लगाम घाला, परीक्षा स्वच्छ घ्या. शेजारच्या बाकावरचा मुलगा तुमची जागा हिरावून घेत नाही. जागाच कमी आहेत, आणि त्या वाढवणे हे सरकारचे काम आहे.