एकच कीर्द, निरनिराळे ब्राउझर

आमच्या या भागातील ज्येष्ठ व्यापाऱ्यांस लहान लाईन चांगली आठवत असेल. नागपूर-छिंदवाडा हा अडीच फुटी लोहमार्ग रुंदीकरणासाठी २०१५ च्या अखेरीस बंद झाला. पूर्वी त्या मार्गाने गेलेला माल मोठ्या लाईनीवर न्यावयाचा झाल्यास पोती उतरवून पुन्हा चढवावी लागत. कारण मोठ्या लाईनीची रुंदी साडेपाच फूट. पोते तेच, दाणा तोच, परंतु रूळ दोन मापांचे. संगणकावरील हिशेबाच्या बाबतीत आज हीच अडचण रूप पालटून आमच्या पेढ्यांवर आली आहे. फरक इतकाच की रूळ डोळ्यांना दिसत, हे दिसत नाहीत.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या हिशेबाची भाषा जावास्क्रिप्ट होय. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तिच्यासारखीच, पण तंतोतंत तीच नव्हे, अशी भाषा आपल्या ब्राउझरात घातली. १९९७ मध्ये तिचे प्रमाण ठरले खरे. परंतु प्रमाण ठरणे आणि ते पाळले जाणे यांत किती अंतर असते, हे धान्याच्या व्यापाऱ्यास सांगावयास नको. मापांचा कायदा १९५६ चा. किलोग्रॅम १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आला. तरी मण आणि पायली लोकांच्या तोंडून लगेच गेली नाहीत. ब्राउझरही प्रमाणातील नवी कलमे आपापल्या सवडीने उचलतात.

आमच्या पेढीवर आवकीची नोंद ठेवण्यासाठी एका होतकरू तरुणाने अशीच एक प्रणाली करून दिली. मुनीमजींच्या क्रोमवर ती उत्तम चाले. चिरंजीवांच्या जुन्या आयफोनवर मात्र मक्याच्या प्रत्येक आवकीपुढे 'अवैध दिनांक' एवढेच उमटे. शोध केला तेव्हा कारण क्षुल्लक निघाले. दिनांक आणि वेळ यांच्या मध्ये कोरी जागा सोडली होती. क्रोम ती उदारपणे चालवून घेई; सफारीची जुनी आवृत्ती घेत नसे, आणि त्यात तिचा दोष नव्हता, कारण प्रमाणात त्या जागी टी हे अक्षर सांगितले आहे. तरुणाने ते अक्षर घातले. दिनांक उमटू लागले, सर्वांस हायसे वाटले.

खरा घोटाळा त्यानंतरचा. सायंकाळी साडेसहानंतर उतरलेल्या गाड्या त्या फोनवर दुसऱ्या दिवशीच्या आवकीत दिसू लागल्या. वेळ कोणत्या देशाची हे लिहिलेले नसेल तर ती जागतिक वेळ समजावी, असे २००९ चे प्रमाण म्हणे. स्थानिक समजावी, असे २०१५ चे. जुना सफारी पहिल्यास धरून होता, म्हणून प्रत्येक नोंद साडेपाच तास पुढे सरके. 'अवैध' हा शब्द निदान ओरडून सांगतो. चुकलेला दिवस मुकाट बसतो. ज्या दिवशीची आवक त्या दिवशीचा भाव, असा आमचा शेतकऱ्याशी बोल असतो. भाव उतरला असता तर त्याच्या घामाचे पैसे कापले गेले असते, आणि सही मात्र आमच्या पेढीची असती. वेळेपुढे अधिक साडेपाच तास असे स्पष्ट लिहिल्यावर सर्व यंत्रे एकमुखाने बोलू लागली.

मराठी अंकांची गंमत याहून न्यारी. रक्कम मराठी पद्धतीने दाखव असे सांगितले की नवे ब्राउझर १,२५,००० असे देवनागरीत लिहितात, आणि ते पाहून समाधान वाटते. पण पडद्यावरचा तोच आकडा उचलून बेरजेस घातला तर जावास्क्रिप्ट 'ही संख्या नव्हे' असे उत्तर देते. देवनागरी अंक तिला वाचता येत नाहीत. ज्या यंत्रात मराठीची माहिती नसते ते इंग्रजी अंक लिहिते, आणि पूर्णांक काढणारी क्रिया स्वल्पविरामाशी थांबून सव्वा लाखाचा एक रुपया करते! उपाय एकच: दाखवावयाचा आकडा निराळा, हिशेबाचा निराळा ठेवावा.

दोष शोधण्याची रीतही आमच्या धंद्यास परकी नाही. पोत्यात बंबी मारून नमुना काढतो तसे करावे. कोणते यंत्र, कोणता ब्राउझर, कितवी आवृत्ती हे आधी लिहून घ्यावे. कन्सोल नावाच्या खिडकीतील पहिली तक्रार वाचावी, शेवटची नव्हे. मग प्रणालीचा एकेक भाग बाजूस काढीत दोष जेथे उरतो तेथे थांबावे. आयफोनवर क्रोम घेतला म्हणजे प्रश्न सुटला, असे पुष्कळांस वाटते. आपल्याकडे आयफोनवरील क्रोमच्या पोटात सफारीचेच यंत्र असते. संगणकावर एज आणि क्रोम यांचे मूळ २०२० पासून एकच आहे; तेव्हा त्या दोहोंवर तपासणे म्हणजे एकाच थप्पीतून दोन नमुने घेणे. फायरफॉक्सवर अवश्य पाहावे.

ब्राउझरला नाव विचारून वागणूक ठरविणे हा जुना प्रघात आम्हांस मुळीच मान्य नाही. बहुतेक सर्व ब्राउझर पूर्वापार स्वतःस 'मोझिला' म्हणवितात! ऑपेराची दहावी आवृत्ती २००९ मध्ये निघाली, तेव्हा पुष्कळ संकेतस्थळे पहिलाच आकडा वाचून तिला पहिली समजत. म्हणून तिने आपला क्रमांक ९.८० सांगण्याची युक्ती केली. त्यापेक्षा हवी ती क्रिया येथे आहे काय, एवढेच विचारावे. नसल्यास पर्यायी भाग जोडावा.

इंटरनेट एक्सप्लोररच्या अखेरच्या आवृत्तीस संगणकांवर मिळणारा आधार १५ जून २०२२ रोजी थांबला, त्यामुळे कामाचा एक मोठा भार हलका झाला आहे. चिरंजीवांनी नवा फोन घेतला आहे. जुना आम्ही गादीशेजारच्या खणात ठेवला आहे. प्रणालीत काही बदल झाला की मुनीमजी सायंकाळी सातनंतरची एक आवक त्यावर उघडून पाहतात.