मिसर देशाचे जुने देव आणि त्यांचे नवे उपासक

गेल्या खंडेनवमीस ठाण्याच्या वागळे इस्टेटींतील एका लहानशा कारखान्यांत पूजेसाठीं जाण्याचा योग आला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्मसोहळा १ ऑगस्ट १९६२ रोजीं ज्या वसाहतींत झाला, तीच ही वसाहत. तेथील यंत्रें त्या दिवशीं बंद असतात. लेथच्या यंत्राला झेंडूचा हार, पाने आणि हातोडे धुऊन-पुसून पाटावर मांडलेले, त्यांवर हळदकुंकू. त्या पाटावर, विश्वकर्म्याच्या तसबिरीशेजारीं, एक काळें मांजर बसलें होतें. खरें नव्हे, मूर्ति. कान ताठ, कानांत सोनेरी बाळ्या, नाकांत कडी.

फोरमनांनीं मला बाजूस घेऊन विचारलें, "मास्तर, ही आमच्या मुलीनें आणून ठेवली आहे. म्हणते, इजिप्तची देवी आहे, आणि परदेशांत लोक हिची पुन्हां पूजा करूं लागले आहेत. ते लोक म्हणे स्वतःला चेटकीण म्हणवितात. घरांत ठेवावी कां ही?"

प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. चेटकीण हा शब्द आपल्याकडे कोणा स्त्रीच्या नांवामागें लागला, तर तिला गांव सोडावें लागतें, कधीं जीवहि गमवावा लागतो. तेव्हां त्या गृहस्थांना दोन वाक्यांत उत्तर देण्यापेक्षां मीं तें आज आपणां सर्वांसमक्ष सविस्तर द्यावें हें बरें.

प्रथम मांजराविषयीं. ही बास्तेत. हिचें मुख्य ठाणें नाइल नदीच्या मुखाकडील बुबास्तिस नगरीं होतें. प्रारंभीं ती सिंहमुखी आणि उग्र होती. पुढें घरगुती मांजराचें रूप घेऊन सौम्य झाली, आणि स्त्रिया व मुलेंबाळें यांची रक्षणकर्ती मानली गेली. आपल्याकडे षष्ठीदेवीचें वाहन मांजरच आहे, आणि पांचवी-सहावीच्या रात्रीं बाळाच्या कपाळीं लेख लिहिणारी सटवाई ही त्या षष्ठीचीच बहीण म्हणावयाची. त्यामुळें फोरमनांच्या घरच्या वडीलधाऱ्या बायकांना ही पाहुणी फारशी परकी वाटूं नये. कारखान्यांतील मूर्ति ज्या मूर्तीची नक्कल आहे, ती मूळ कांस्यमूर्ति लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. तिच्या कानांत व नाकांत सोन्याचे अलंकार आहेत, आणि तिच्या प्रतिकृति जगभर विकल्या जातात.

आतां त्या देशांतील पूजा कशी होत असे तें पाहूं. येथें मी थोडा रेंगाळणार आहें, कारण आपल्या लोकांना या पूजेंतलें जितकें समजेल तितकें खुद्द युरोपियनांनाहि समजणार नाहीं. आबायदोस येथें सेती राजानें बांधविलेल्या मंदिराच्या भिंतींवर ती क्रमवार कोरलेली आहे. पहांटे पुजारी पवित्र तलावांत स्नान करी. त्याचें अंग मुंडित असे, वस्त्र तागाचें असे. गाभाऱ्याच्या दारावरील मातीची मोहोर तो फोडी, कडी काढी, दार उघडून देवापुढें साष्टांग पडे. मग स्तोत्रें, धूप, मूर्तीला स्नान, कालचें वस्त्र उतरवून नवें वस्त्र, सुगंधी तेलाचा लेप, आणि नैवेद्य. शेवटीं दार लावून तो मागें सरकत बाहेर पडे, आणि जातां जातां आपल्या पावलांचे ठसे केरसुणीनें पुसून टाकी. नैवेद्याचें अन्न देवाची दृष्टि लागल्यावर पुजारी आणि मंदिराचे सेवक यांच्यांत वाटलें जाई. त्यालाच आपण प्रसाद म्हणतों. पंढरपूरचा काकडा, महापूजा, पोशाख, महानैवेद्य, शेजारती हा दिनक्रम ज्यानें पाहिला आहे, त्याला निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

मूर्तीत देव कसा येतो, याचेंहि उत्तर त्यांच्यापाशीं होतें. मूर्ति घडून झाली कीं तिचें 'मुख उघडण्याचा' विधि करीत. सुताराच्या वांकसासारखें एक हत्यार मूर्तीच्या ओठांना लावीत. त्या क्षणापासून ती श्वास घेई, पाही, जेवी. आपल्या नेत्रोन्मीलनाशीं आणि प्राणप्रतिष्ठेशीं हें किती जुळतें! आणि कारागिराचें हत्यारच तेथें देवाला जागें करी, हें खंडेनवमीच्या दिवशीं मला विशेष वाटलें. मेंफिस नगरीचा देव प्ता हा तर कारागिरांचाच देव. खरें पाहतां त्या पाटावर बास्तेतपेक्षां त्याचा मान अधिक होता.

परंतु एक मोठा भेदहि आहे. तेथें सामान्य माणसाला गाभाऱ्यांत प्रवेश नसे, दर्शनहि नसे. उत्सवांत पुजाऱ्यांच्या खांद्यावरील नौकेंत बसून देव बाहेर येई तेवढाच; आणि तेव्हांहि बहुधा पडद्याआड. तत्त्वतः सर्व पूजा एकट्या राजाची, पुजारी त्याचे मुखत्यार. राजा गेला, मंदिरांच्या जमिनी गेल्या, म्हणजे पूजाहि जाणार हें त्यांतच ठरलेलें होतें. वारी करणारा, घरीं अभंग म्हणणारा समाज त्या देवांमागें उभा राहिला असता, तर ते इतक्या सहजीं गेले नसते, असें मला वाटतें. घरोघरच्या कोनाड्यांतून लहान दैवतें होतीं, नाहीं असें नाहीं. पण मंदिराचा विधि घराला ठाऊक नव्हता.

ते गेले कसे, हें थोडक्यांत सांगतों. रोमन साम्राज्य ख्रिस्ती झालें, मंदिरें बंद होत गेलीं. दक्षिणेस फिली बेटावर ईसिसचें देऊळ अखेरपर्यंत टिकून होतें. तेथें इ. स. ३९४ च्या २४ ऑगस्टला एका पुजाऱ्यानें भिंतीवर चित्रलिपींत कांहीं ओळी कोरल्या. त्या लिपींतला तो आपणांस ठाऊक असलेला शेवटचा लेख. सहाव्या शतकांत जस्टिनियन बादशहानें तेंहि देऊळ बंद करविलें. मग १८२२ सालीं फ्रेंच पंडित शांपोल्यों यानें लिपीचें कोडें उलगडीपर्यंत चौदा शतकें त्या भिंती बोलत होत्या, आणि ऐकणारा कोणी नव्हता.

नव्या उपासनेची कथा सुरू होते ती येथून. आणि तिचा एक धागा चक्क मुंबईंतून जातो. मादाम ब्लाव्हाट्स्की यांनीं १८७७ सालीं ईसिसचें नांव मथळ्यांत असलेला एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. १६ फेब्रुवारी १८७९ रोजीं कर्नल ऑल्कॉट यांच्यासह त्या मुंबई बंदरांत उतरल्या, गिरगांवांत राहिल्या, आणि त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत थिऑसफीचें मासिक त्यांनीं मुंबईंतूनच सुरू केलें. ब्लाव्हाट्स्कीबाईंनीं ईसिसची पूजा केली असें नव्हे; परंतु मिसरच्या पुजाऱ्यांपाशीं कांहीं गुप्त विद्या होती आणि ती अजून मिळवितां येईल, ही कल्पना त्यांच्यामुळें घरोघर गेली.

पुढील पायऱ्या भराभर सांगतों. १८८८ सालीं लंडनमध्यें 'गोल्डन डॉन' नांवाचें एक गुप्त मंडळ निघालें; त्यांतील मॅथर्स दांपत्यानें १८९९ सालीं पॅरिसमध्यें ईसिसचे विधि प्रेक्षकांसमोर करून दाखविले. त्याच मंडळांतून निघालेल्या अलिस्टर क्रॉलीनें १९०४ सालीं कैरो येथें एका प्राचीन स्मृतिशिलेपुढें आपणांस नवा धर्म प्राप्त झाल्याचें जाहीर केलें. या गृहस्थाविषयीं बोलण्यास वेळ नाहीं, आणि इच्छाहि नाहीं.

मात्र एका बाईंविषयीं बोललेंच पाहिजे. मार्गारेट मरे यांचा जन्म १८६३ सालीं कलकत्त्यास झाला. त्या मिसरविद्येच्या पंडिता. १९०८ सालीं मँचेस्टर येथें दोन ममींवरील वेष्टनें त्यांच्या देखरेखीखालीं उलगडलीं गेलीं. याच बाईंनीं १९२१ सालीं एक ग्रंथ लिहून असें प्रतिपादन केलें, कीं युरोपांत चेटकिणी म्हणून ज्या स्त्रियांना जाळलें-फांसावर दिलें, त्या वस्तुतः ख्रिस्तपूर्व धर्माच्या गुप्त उपासक होत्या. इतिहासकारांनीं हा सिद्धांत पुढें साफ नाकारला; छळाखालीं वदविलेल्या कबुलीजबाबांवर धर्माची इमारत उभी राहत नाहीं. परंतु गेराल्ड गार्डनर या इंग्रज गृहस्थांनीं तो उचलला. त्यांचा बराच काळ सिलोन आणि मलाया येथें चहाच्या-रबराच्या मळ्यांवर व जकातीच्या नोकरींत गेला होता. इंग्लंडांतील जुना चेटूक-कायदा १९५१ सालीं रद्द झाला, आणि १९५४ सालीं गार्डनर यांनीं पुस्तक लिहून विक्का नांवाचा पंथ उजेडांत आणला. त्या पुस्तकाला प्रस्तावना मरेबाईंचीच.

विक्काचे लोक वर्तुळ आंखून चार दिशांना आवाहन करतात, वर्षाचे आठ सण पाळतात, आणि एक देवी व एक देव मानतात. ईसिस ही त्यांच्या दृष्टीनें त्या एका महादेवीच्या अनेक नांवांपैकीं एक नांव. आपल्याला हा विचार नवा नाहीं. जगदंबेचीं सहस्र नांवें आपण म्हणतोंच. १९७६ सालीं आयर्लंडांतील क्लोनेगल येथील वाड्यांत रॉबर्टसन कुटुंबानें ईसिसच्या नांवें एक बंधुसंघ स्थापिला. त्यांत कोणत्याहि धर्माच्या माणसाला आपला धर्म न सोडतां येतां येतें.

याच्या उलट दुसरा पक्ष आहे. प्राचीन मिसरी आपल्या देशाला 'केमेत', म्हणजे काळी भूमि म्हणत. त्यावरून हे स्वतःला केमेती म्हणवितात. अमेरिकेंत १९८८ पासून तमारा सियूडा या विदुषींच्या पुढाकारानें यांचा एक संघ चालत आला आहे. यांचें म्हणणें असें, कीं वर्तुळें आणि चार दिशा हें मिसरचें नव्हे. भिंतींवर आणि पपायरसांवर जें लिहिलें आहे तेंच करावें. सकाळीं स्नान, नॅट्रॉन नांवाच्या खारानें शुद्धि, दिवा, धूप, आणि घरच्या देव्हाऱ्यांत पाणी व पाव यांचा नैवेद्य. पूर्वजांचें स्मरणहि ते करतात. मला हा पक्ष अधिक प्रामाणिक वाटतो. तरी त्यांतहि एक गंमत आहे. राजानें आणि पुजाऱ्यानें बंद दाराआड करावयाचा विधि आज एखादी परिचारिका कामावर जाण्यापूर्वीं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत करते. जुन्या पुजाऱ्याला ही पूजा म्हणजे मोठाच धर्मभ्रष्टपणा वाटला असता. पण देव जगावयाचे असतील तर ते असेच जगणार.

त्यांचें नववर्ष व्याधाच्या ताऱ्याच्या पहाटेच्या पहिल्या उदयावरून धरतात. जुन्या पंचांगांत तीस दिवसांचे बारा महिने, आणि वर उरलेल्या पांच दिवशीं ओसायरिस, होरस, सेत, ईसिस, नेफ्थिस यांचे जन्मदिवस. बारा महिन्यांवर पांच दिवस जोडण्याची ही रीत ठाण्याच्या पारशी मंडळींना सांगावयास नको. त्यांच्या गाथांचे दिवस असेच पांच. व्याध उगवे त्या सुमारास नाइलला पूर येई आणि काळा गाळ शेतांवर पसरे. आस्वानचें मोठें धरण १९७० सालीं पुरें झाल्यापासून तो पूर शेतांवर येतच नाहीं. तारा उगवतो, नव्या उपासकांचा सणहि होतो, पण ज्यासाठीं तो सण होता तें पाणी धरणांत अडलें आहे.

आणखी एक अवघड गोष्ट या उपासकांपुढें आहे. आज मांजरांवर जीव टाकणारे बास्तेतचे भक्त, जुने यात्रेकरू तिला काय अर्पण करीत हें फार बोलत नाहींत. तिच्या क्षेत्रीं मांजरें मुद्दाम पाळून, मारून, त्यांच्या ममी नवसासाठीं विकीत. १८९० सालीं अशा सुमारें एक लाख ऐशी हजार ममी लिव्हरपूल बंदरांत उतरल्या, आणि खतासाठीं लिलावांत गेल्या. जुना धर्म जसाच्या तसा घेऊं म्हणणाऱ्यालाहि निवड करावीच लागते. ती तो करतो, हें त्यानें कबूल करावें एवढेंच.

आपल्या ठाण्यांत मिसरची आठवण दुसऱ्याहि बाजूनें जिवंत आहे. ब्लाव्हाट्स्कीबाई मुंबईस आल्या त्याच १८७९ सालचें येथील बेने इस्राएलांचें प्रार्थनामंदिर. वल्हांडणाच्या सणाला मिसरांतील दास्य आणि सुटका यांची कथा ही मंडळी वाचतात; तिचा सचित्र मराठी ग्रंथ १८७४ सालीं पुण्यास छापला गेला. त्या कथेंत मिसरचे देव पराभूत आहेत, आणि फारो हा विटांचें काम करवून घेणारा धनी आहे. ज्यांच्या पूर्वजांनीं त्या विटा थापल्या अशी श्रद्धा आहे, त्यांच्या शेजारीं बसून त्या देवांच्या वैभवाविषयीं बोलतांना जरा संभाळून बोलावें, असें मला वाटतें.

आतां फोरमनांच्या मूळ शंकेकडे येतों. विक्काच्या लोकांनीं इंग्रजींतला शिवीसारखा शब्द मुद्दाम अंगावर घेतला; जाळल्या गेलेल्या स्त्रियांच्या बाजूनें उभें राहण्याची ती त्यांची तऱ्हा. त्यांना तें परवडतें. त्याचें चेटकीण किंवा डाकीण असें भाषांतर मराठींत करूं नये. महाराष्ट्रांत २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच वर्षीं २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यांत खून झाला होता. कोणी करणी करतो, चेटूक करतो असा संशय उठवून एखाद्याचें जगणें कठीण करणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. घरीं एखाद्या मूर्तीपुढें दिवा लावणें हा गुन्हा नव्हे. मात्र मंत्र करून नोकरी देतों, रुसलेला नवरा आणून देतों, असें सांगून कोणी पैसे मागूं लागला, तर तो ईसिसचें नांव घेतो कीं आणखी कोणाचें, हें पाहत बसूं नये, पोलिसांत जावें. मुलीला तेवढें मात्र अवश्य बजावा, असें मीं फोरमनांना सांगितलें.

मुलगी हें सारें ऐकत उभी होती. ती म्हणाली, "मास्तर, मी मंत्रबिंत्र कांहीं करीत नाहीं. मला ती आवडते. आणि आजी म्हणाली, आणली आहेस तर उपाशी ठेवूं नकोस."

फोरमनांनीं थोडा विचार केला. मग प्रसादाच्या ताटांतला एक पेढा उचलून मांजरापुढें ठेविला, आणि मला हळूच विचारलें, "हिला दूध चालेल ना?"