मुल्ला फिरोज यांची पुस्तकं आणि आपल्या घरातली पत्र्याची पेटी

मागच्या वर्षी वारज्यातल्या आमच्या ओळखीच्या एका घरात रमजानच्या आधीची साफसफाई चालली होती. माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली आली. आत जुने कागद होते. काही उर्दूत, काही मोडीत, दोन-तीन अशा वळणाचे की आम्हालाही नीट लागेनात. एकावर फारसी शिक्का होता आणि खाली मोडी मजकूर. घरातल्या दादीजान म्हणाल्या, "हा तावीजचा कागद आहे, हात लावू नका." सूनबाईंचं म्हणणं, रद्दीवाला येतोच आहे. आम्ही योगायोगाने चहाला गेलो होतो म्हणून ती पेटी वाचली. पण अशा किती पेट्या वाचत नाहीत!

हे सांगायचं कारण मुंबईतली एक जागा आहे. फोर्टमध्ये के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट नावाची पारशी समाजाची संस्था आहे. आपल्याला पारशी म्हटलं की धनसाक, अग्यारी आणि जुन्या मोटारी आठवतात. 2011 च्या जनगणनेत सगळ्या भारतात पारशी होते 57,264. वारजे, कर्वेनगर, कोथरूड मिळून याच्या कितीतरी पट माणसं राहतात. एवढ्याशा समाजाने आपला इतिहास कसा जपला ते बघण्यासारखं आहे. आणि गंमत म्हणजे त्यांच्या कपाटातली कितीतरी हस्तलिखितं आपल्या ओळखीच्या लिपीत आहेत, फारसी आणि अरबी.

त्यातला एक मोठा संग्रह मुल्ला फिरोज यांचा. नाव वाचून दचकू नका, हे मुल्ला म्हणजे पारशी धर्मगुरू. जन्म 1758 चा. तेव्हा गुजरात-मुंबईच्या पारश्यांमध्ये पंचांगावरून वाद पेटला होता. इराणमधल्या जरथुश्ती लोकांचं पंचांग आणि इथलं पंचांग यात एका महिन्याचा फरक पडत होता. म्हणजे सण कोणता खरा, नमाजेसारखी त्यांची जी प्रार्थना असते ती कोणत्या महिन्याच्या नावाने म्हणायची, इथपासून भांडण. (चांद दिसला की नाही यावर दरवर्षी रात्री अकरापर्यंत फोन फिरवणाऱ्या आपण त्यांना हसायचं कारण नाही.) मग याची उत्तरं आणायला काऊस नावाचे धर्मगुरू 1768 मध्ये इराणला निघाले. सोबत दहा वर्षांचा मुलगा फिरोज. बाप-लेक परतले 1780 मध्ये. बारा वर्षांत मुलगा फारसी आणि अरबी पक्की शिकला होता. पुढे 1783 मध्ये मुंबईत दादीशेठ आतशबेहराम उभं राहिलं, तिथे आधी वडील आणि नंतर फिरोज मुख्य दस्तूर झाले.

या माणसाने आयुष्यभर पुस्तकं जमवली. नुसती आपल्या धर्माची नाहीत. इतिहास, वैद्यक, खगोल, तर्कशास्त्र, शायरी, सगळं. 1830 मध्ये ते वारले. पुस्तकं वारसांमध्ये वाटली गेली नाहीत, समाजाच्या हाती आली आणि त्यांच्या नावाचं ग्रंथालय झालं. मग आम्हाला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते घडलं, यादी झाली. एडवर्ड रेहात्सेक नावाचे मूळचे हंगेरीचे, मुंबईत राहिलेले विद्वान होते. त्यांनी अरबी, फारसी, हिंदुस्तानी, तुर्की हस्तलिखितं एकेक करून पाहिली, पुस्तकात काय आहे ते लिहिलं, आणि 1873 मध्ये ती सूची छापून आली. आज हा संग्रह कामा इन्स्टिट्यूटमध्ये आहे. ही संस्था 1916 मध्ये खरशेदजी रुस्तमजी कामा यांच्या स्मरणार्थ निघाली. हे कामा व्यापारी घरातले. युरोपात जाऊन अवेस्ता शिकून आले आणि इथल्या तरुण धर्मगुरूंना शिकवत बसले.

यादी नसेल तर काय होतं? कपाट असतं, किल्ली एका काकांकडे असते, काका वारले की कुलूप तोडावं लागतं. आत काय होतं ते कुणालाच माहीत नसतं, मग काय गेलं तेही कळत नाही. यादी असली की निदान चोरी झाल्याचं तरी समजतं.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र नाही. मुंबईच्या जामा मशिदीचा कुतुबखाना आहे, अंजुमन-ए-इस्लामची करीमी लायब्ररी आहे. पुण्यात तर आपले कागद दुसऱ्यांनी जपलेत. भारत इतिहास संशोधक मंडळातल्या ग. ह. खरे यांनी फारसी शिकून दख्खनचे फारसी कागद मराठीत छापून आणले. आपल्यातल्या किती पदवीधरांनी ते उघडून पाहिलेत? आम्हीही बी.एड. झाल्यावर बऱ्याच वर्षांनी पाहिले, खोटं कशाला बोला.

काजी, खतीब, मुजावर घराण्यांकडे सनदा असतात. मशिदीला, दर्ग्याला, कब्रस्तानाला दिलेल्या इनाम जमिनीचे कागद असतात. 2025 मध्ये वक्फ मालमत्तांची माहिती केंद्राच्या पोर्टलवर भरायची मुदत आली, तेव्हा आमच्या ओळखीचे एक मुतवल्ली साहेब तीन आठवडे कागद शोधत होते. त्यांच्या वालिदांनी ते एका रेशमी बस्त्यात ठेवले होते. बस्ता सापडला. आतले निम्मे कागद वाळवीने खाल्ले होते, आणि झेरॉक्स कुणी कधी काढली नव्हती.

म्हणून घरच्या पेटीबद्दल थोडं. लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे मायेपोटी सगळ्यात जास्त हीच चूक होते. प्लास्टिक आत ओल धरतं, आणि एकदा चिकटलं की कागद फाटल्याशिवाय निघत नाही. सेलोटेपही नको, तो पिवळा पडतो आणि अक्षर घेऊन निघतो. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, भिंतीला न टेकवता, जमिनीपासून वर ठेवा. वारज्यात खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना पावसाळ्यातल्या भिंती सांगायला नकोत. घडीवर फाटत आलेला कागद जबरदस्तीने उलगडू नका. सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न लावता मोबाईलने फोटो काढा, दोन्ही बाजूंचे, आणि ते घरातल्या दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा. जुन्या फोटोंवर मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नावं लिहा, पेनाने नाही. दादी-नानी आहेत तोवरच हे होईल. तो कोट घातलेला माणूस कोण, हे त्यांच्यानंतर कुणीच सांगू शकणार नाही.

आणि एक वही करा. क्रमांक, कागद कसला, भाषा कोणती, कुणाकडून आला, आज कुठे आहे. बस, पाच रकाने. लिपी लागत नसेल तर "लागत नाही" असंच लिहा, रेघ मारून सोडू नका. मोडी वाचणारे पुण्यात मिळतात. शिकस्ता वळणाची फारसी वाचणारे कमी आहेत, पण आहेत. मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका, आधी फोटो दाखवा.

त्या घरातल्या पेटीचं पुढे काय झालं? शिक्क्याचा कागद मोडी जाणणाऱ्या एका सरांना फोटोवरून दाखवला. तावीज नव्हता तो. जमिनीचा कागद निघाला, आणि त्यात त्या घराण्याच्या एका पूर्वजाचं नाव होतं जे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दादीजाननी ते तीनदा म्हणून पाहिलं. मग आमच्या शाळेत आठवीत असलेल्या नातवाने शंभर पानी वही आणली आणि पेन्सिलीने पहिल्या रकान्यात एक आकडा टाकला. सध्या तो एकतीसवर आहे.