खिशातला चाकू: ओपिनेल की व्हिक्टोरिनॉक्स?

नाहूरहून रोज लोकल धरणाऱ्याला घडीचा हलका चाकू हवा असेल, तर दोन नावं हमखास पुढे येतात.

फ्रान्सचा ओपिनेल १८९० पासूनचा. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, मूठ लाकडी, वजन जेमतेम ४५ ग्रॅम. कडं फिरवलं की पातं घट्ट. पेरू कापावा तर यानेच! पण मुंबईच्या पावसात लाकूड फुगतं, पातं उघडता उघडत नाही. कार्बन स्टीलचं असेल तर गंजतंही.

स्विस व्हिक्टोरिनॉक्स क्लासिक मिटल्यावर ५८ मिलिमीटर. पातं इवलंसं, पण सोबत कात्री, कानस, चिमटा. पार्सलची चिकटपट्टी, सदऱ्याचा सुटलेला दोरा. शहरात याहून जास्त काम नसतंच.

रोजच्यासाठी क्लासिक, सहलीला स्टेनलेस ओपिनेल. विमानप्रवासात मात्र दोन्ही चेक-इन सामानातच ठेवावेत.