तपासणीने जीव वाचतो काय?

मंडळी, आम्ही डॉक्टर नव्हे. युनियनच्या पावत्या फाडता फाडता जे वाचले, तेवढीच आमची विद्या. पण आकड्यांशी आमचा जुना झगडा आहे.

शिबिरात जिचा कर्करोग लवकर सापडतो, ती पुढे अधिक वर्षे जगलेली दिसते. तेवढ्यावर तपासणीला श्रेय द्यावे काय? समजा, सेवापुस्तकात नेमणुकीची तारीख दोन वर्षे मागे लिहिली. नोकरी दोन वर्षांनी लांब दिसेल. निवृत्तीचा दिवस मात्र तोच. रोग दोन वर्षे आधी कळला आणि मरण ठरल्या दिवशीच आले, तर निदानानंतरचे आयुष्य असेच फुगते. दुसरी गोम अशी की, शिबिराला आपण होऊन येते ती बहुधा जागरूक बाई. आमच्या सभांनाही आधीच जागे असलेलेच येतात! म्हणून मोजायचे ते मृत्यू. आणि चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांत, आलेल्या-न आलेल्या सगळ्यांचे.

हे काम आपल्या शेजारीच झाले. १९८२ पर्यंत लातूर ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते, त्या आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्था यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत ही परीक्षा मांडली. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. चिठ्ठी समूहावर टाकली, एकेका बाईवर नव्हे. एका गटाला एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, तिसऱ्याला सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्याला तपासणी नाही.

आठ वर्षांनी हिशेब झाला. विषाणू-चाचणीच्या गटात ३४,१२६ पैकी ३४ जणी या रोगाने गेल्या. चौथ्या गटात ३१,४८८ पैकी ६४. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे! उरलेल्या दोन गटांत ठाम म्हणावा असा फरक पडला नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मात्र तीच आम्लाची पाहणी दोन-दोन वर्षांनी चार वेळा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

चौथ्या गटाला तपासणीवाचून ठेवले, यावर पुढे टीका झाली. ती आम्हांला अस्थानी वाटत नाही, जरी त्या ६४ जणींवाचून ३४ हा आकडा मुकाच राहिला असता. विषाणूची चाचणी गावोगाव फुकट मिळावी, ही मागणी आम्ही आमच्या सभेत मांडली आहे. वर्गणीतून भागणारे हे काम नव्हे.